सेवाभावी संस्थांत आपल्या कार्यकर्त्यांचे मूल्यमापन कोण करणार?



उरणपासून श्रीवर्धनपर्यंत रायगडच्या किनाऱ्याने प्रवास केला तर गावोगावी सेवाभावी संस्थांचे फलक दिसतात. कुठे कंपनीच्या सीएसआरमधून चाललेला प्रकल्प आहे, कुठे मुंबईच्या ट्रस्टचा, कुठे परदेशी निधीवरचा. पाणी, शाळा, बचतगट, आरोग्य, कांदळवन, आपत्ती निवारण असे विषय आहेत. या प्रकल्पांत वाडीवस्तीवर प्रत्यक्ष फिरणारे कोण आहेत? आम्ही जिथे जिथे पाहिले तिथे बहुतेक आपलीच मुले-मुली दिसली. बौद्धवाडीतली, कातकरी वाडीतली, आगरी-कोळी कुटुंबांतली. बीए, बीकॉम झालेली, स्पर्धा परीक्षांची दोन-तीन वर्षे गेल्यावर 'निदान समाजाचे काम तरी होईल' म्हणून संस्थेत शिरलेली.

या मुलांच्या कामाची किंमत कोण ठरवते, कशावर ठरवते आणि दहा वर्षे काम केल्यावर ती कुठे पोहोचतात, हा प्रश्न आपल्या चळवळीत फारसा कुणी विचारत नाही. सरकारी नोकरीतल्या पदोन्नतीतील आरक्षणावर आपण तासन् तास बोलतो आणि ते बोललेच पाहिजे. पण आपल्या नावाने निधी गोळा करणाऱ्या, आपल्या वस्तीचे फोटो अहवालात छापणाऱ्या संस्थांत आपला माणूस 'फिल्ड वर्कर' म्हणून शिरतो आणि 'फिल्ड वर्कर' म्हणूनच बाहेर पडतो, याबद्दल आपण गप्प असतो. 'ती सेवा आहे, नोकरी थोडीच आहे?' असे म्हटले की आपलेही तोंड बंद होते. ते बंद राहू नये, म्हणून हा लेख.

मानधन नावाचा सापळा

सुरुवात शब्दापासून करू. संस्थेच्या मुंबई-पुण्यातल्या कार्यालयात बसणाऱ्याला 'पगार' मिळतो. मुरूड-म्हसळ्याच्या डोंगरातल्या वाड्या पायी तुडवणाऱ्याला 'मानधन' मिळते. आशा आणि अंगणवाडी भगिनी वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरून याच शब्दाविरुद्ध लढत आहेत. पगार म्हटला की दर आला, वाढ आली, रजा आली, भविष्य निर्वाह निधी आला. मानधन म्हटले की फक्त मान आला, आणि तोही देणाऱ्याच्या मर्जीवर.

मानधनावरच्या माणसाचे मूल्यमापनही मग तसेच होते. प्रकल्प अधिकारी महिन्यातून एकदा गाडीने येतो, रजिस्टर चाळतो, फोटो मागतो. 'मुलगा चांगला आहे, पण रिपोर्टिंग कमी पडते' असा शेरा मारतो. हा शेरा मुलाला दाखवला जात नाही. वर्षअखेरीला करार वाढवायचा की नाही हे त्या न दाखवलेल्या शेऱ्यावर ठरते. आपल्या ओळखीतल्या एका कार्यकर्तीला सलग सहा वर्षे अकरा-अकरा महिन्यांचे करार मिळाले आणि सातव्या वर्षी 'प्रकल्प संपला' एवढेच तोंडी सांगण्यात आले. त्या सहा वर्षांत तिने काय चांगले केले, काय कमी पडले, याचा एकही कागद तिच्या हातात नाही. दुसऱ्या संस्थेत मुलाखतीला जाताना दाखवायला तिच्याकडे फक्त ओळखपत्र होते.

बाबासाहेबांनी हे १९३२ सालीच लिहून ठेवले आहे

ज्यांना हा विषय किरकोळ वाटतो, त्यांनी बाबासाहेबांचे ठक्करबाप्पांना लिहिलेले पत्र वाचावे. पुणे करारानंतर, ३० सप्टेंबर १९३२ रोजी मुंबईच्या सभेत अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष आणि अमृतलाल ठक्कर सरचिटणीस होते. तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. तिसऱ्या गोलमेज परिषदेला बोटीने जाताना, १४ नोव्हेंबर १९३२ रोजी, बाबासाहेबांनी ठक्करांना सविस्तर पत्र लिहिले. या संस्थेने कोणते काम करावे आणि कोणाकडून करून घ्यावे, हा त्या पत्राचा विषय आहे. 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या १९४५ च्या ग्रंथात ते पूर्ण छापलेले आहे.

त्या पत्रातले तीन मुद्दे आपल्या विषयाच्या मुळाशी जातात.

पहिला मुद्दा शिडीचा. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला सर्वांत कमी मजुरीच्या खात्यात ठेवले जाते आणि विणकाम खात्यासारखी चांगल्या कमाईची खाती त्याला कायमची बंद आहेत, हे बाबासाहेब सांगतात. पुढे ते म्हणतात की कमी मजुरीच्या खात्यातही तो वरच्या पायरीवर जात नाही. तो कितीही जुना असो, कितीही कार्यक्षम असो, वरची जागा सवर्णासाठीच राखलेली असते.

दुसरा मुद्दा मोजमापाचा. ज्या खात्यांत नगावर मजुरी मिळते, तिथे आपल्या स्त्रियांची कमाई कमी का भरते? कारण नायकिणी कच्चा माल वाटताना तो सवर्ण बायांना देतात आणि आपल्या बायांना हात हलवत बसवून ठेवतात. अशा शेकडो स्त्रिया बाबासाहेबांकडे तक्रार घेऊन आल्या होत्या. आकडा पाहणाऱ्याला वाटेल की ही बाई कमी काम करते. कच्चा माल कुणी अडवला, हे आकड्यात दिसत नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर कामाचे मूल्यमापन करण्याआधी काम करण्याची साधने कुणाला मिळाली ते तपासा, हा धडा त्या एका उदाहरणात आहे.

तिसरा मुद्दा माणसे निवडण्याचा. कुठल्याही कामाला भाडोत्री माणसे मिळतात, पण ज्याला त्या माणसांविषयी आपुलकी आहे तोच खरी सेवा करू शकतो, आणि ही कसोटी दलित वर्गातून आलेल्या कार्यकर्त्यांकडून पार पडण्याची शक्यता अधिक आहे, असे बाबासाहेब म्हणतात. मात्र तिथेच ते हेही सांगतात की आपल्यातही समाजसेवेच्या नावाखाली लबाडी करणारे आहेत. म्हणजे 'आपला आहे' एवढ्यावर कुणालाही पास करा, असे ते म्हणत नाहीत. आपुलकीही हवी आणि पारखही हवी.

या पत्रातल्या मार्गाने ती संस्था गेली नाही. शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, शाळा, विहिरी असे काम झाले. पण कारभारात अस्पृश्यांना वाटा द्या, ही मागणी पुढे आली तेव्हा गांधीजींचे उत्तर काय होते? अस्पृश्यता हे हिंदूंचे पाप, हे काम म्हणजे त्यांचे प्रायश्चित्त, पैसा त्यांचा, म्हणून संस्था त्यांनीच चालवायची. बाबासाहेबांनी या उत्तराचा आपल्या ग्रंथात जो समाचार घेतला आहे, तो प्रत्येक कार्यकर्त्याने मुळातून वाचावा. ज्यांच्यासाठी काम, त्यांनाच कामाचा हिशेब मागण्याचा अधिकार नाही, अशी ती व्यवस्था होती.

आता आजच्या संस्थांकडे पाहा. प्रायश्चित्त हा शब्द गेला. 'लाभार्थी' आणि 'डोनर' हे शब्द आले. हिशेब कुणाला द्यायचा, याचे उत्तर मात्र फारसे बदललेले नाही.

कागदावर खुले झालेले तळे

आता मोजायचे काय, ते पाहू. त्यासाठी आपल्या जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही.

रावबहादूर बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. त्यानुसार १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. आजच्या एखाद्या संस्थेने त्या वर्षीचा अहवाल लिहिला असता तर काय लिहिले असते? 'सार्वजनिक पाणवठा सर्वांसाठी खुला करण्यात आला. उद्दिष्ट शंभर टक्के साध्य.' प्रकल्प अधिकाऱ्याला बढतीही मिळाली असती. प्रत्यक्षात मार्च १९२७ पर्यंत तिथे आपला माणूस पाणी पिऊ शकला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि परिषदेला आलेल्या हजारोंनी ओंजळीने पाणी घेतले, तेव्हा लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. मुंबई उच्च न्यायालयाचा आपल्या बाजूचा अंतिम निकाल आला तो १७ मार्च १९३७ रोजी.

ठराव झाला का, ही एक मोजणी आहे. पाणी प्यायला मिळाले का, ही दुसरी. आजही संस्थांच्या तक्त्यांत पहिलीच मोजणी भरलेली असते. शिबिरे किती, उपस्थिती किती, नळजोडण्या किती, फोटो किती, हे सगळे लिहिलेले असते. बौद्धवाडीच्या नळाला एप्रिल-मे महिन्यांत पाणी येते का, याला रकाना नसतो.

दुसरे उदाहरण अलिबाग तालुक्यातले. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात चरी आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांविरुद्ध संप केला. नारायण नागू पाटील यांचे नेतृत्व होते, बाबासाहेब पाठीशी उभे होते, आणि सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. सहा वर्षे जमिनी पडीक राहिल्या, लोकांनी उपासमार सोसली. आता कल्पना करा, त्या संपातल्या एखाद्या गावकार्यकर्त्याचे दर तिमाहीला मूल्यमापन झाले असते. पहिल्या तिमाहीत निष्पत्ती शून्य. दुसऱ्या वर्षी निष्पत्ती शून्य. तिसऱ्या वर्षी त्याचा करार रद्द. आणि त्याच लढ्यातून पुढे कुळांच्या हक्काचा प्रश्न कायद्याच्या दारात पोहोचला!

आम्ही मोजमापाच्या विरोधात नाही. चुकीच्या मोजपट्टीच्या विरोधात आहोत. अन्याय मुळापासून हलवणाऱ्या कामाला वेळ लागतो आणि त्या काळात कार्यकर्त्याने काय केले याची नोंद वेगळ्या पद्धतीने करावी लागते. किती कुटुंबे पहिल्यांदा ग्रामसभेत बोलली? किती जणांनी स्वतःच्या सहीने अर्ज केला? किती तक्रारी दबाव आल्यावरही मागे घेतल्या गेल्या नाहीत? या गोष्टी मोजता येतात. फक्त मोजणाऱ्याची तशी इच्छा लागते.

'गावाशी चांगले संबंध'

मूल्यमापनाच्या तक्त्यांत एक रकाना हमखास असतो. 'स्थानिक समुदायाशी संबंध: उत्तम, चांगले, साधारण.' वरवर पाहता यात गैर काही नाही. पण 'स्थानिक समुदाय' म्हणजे कोण? सरपंच, गावकी, मंदिर समिती, की गावाबाहेरची वाडी?

रायगडच्या किनारी भागात गावकीने कुटुंबांना वाळीत टाकल्याची प्रकरणे गेल्या दशकात एकामागून एक पुढे आली. त्यांची राज्यभर चर्चा झाली आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ साली विधिमंडळाने मंजूर केला. तो २०१७ पासून लागू आहे. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. आता एखाद्या संस्थेच्या कार्यकर्तीने वाळीत पडलेल्या कुटुंबाबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार नोंदवायला मदत केली, तर काय होईल? गावकी चिडेल. संस्थेची पुढची बैठक गावच्या सभागृहात होऊ देणार नाही. कार्यालयात फोन जाईल. आणि वर्षअखेरीस तिच्या तक्त्यात 'संबंध: साधारण' असे लिहिले जाईल. शेजारच्या गावात जो कार्यकर्ता डोळेझाक करून हळदीकुंकवाचे फोटो पाठवत राहिला, त्याला 'उत्तम' मिळेल.

१९३२ च्या पत्रात बाबासाहेबांनी नेमका हाच प्रश्न पुढे ठेवला होता. पाणवठा, शाळा, चावडी, वाहने यांवरचा हक्क बजावायला खेड्यापाड्यांत कार्यकर्त्यांची फौज पाठवा, त्यातून तंटे होतील, तरी त्याला पर्याय नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जी संस्था तंट्याला घाबरते, ती आपल्या कार्यकर्त्यालाही तंट्याबद्दल शिक्षाच करणार. म्हणून मूल्यमापनाचा तक्ता पाहिला की संस्था कुणाच्या बाजूची आहे ते कळते. अहवालाच्या मुखपृष्ठावर बाबासाहेबांचा फोटो असला, तरी आतला तक्ता वाचा.

कच्चा माल आजही अडवला जातो

गिरणीतल्या नायकिणी गेल्या, पण साधनांचे वाटप आजही समान नाही. हमरस्त्यावरच्या गावात काम करणाऱ्याला आणि डोंगरावरच्या कातकरी वाडीत काम करणाऱ्याला महिन्याचे उद्दिष्ट एकच असते. एकाला एसटी दारात मिळते, दुसऱ्याला दोन तास चालावे लागते. एकाच्या गावात मोबाईलला नेटवर्क आहे, दुसऱ्याला अॅपमध्ये माहिती भरायला टेकडीवर जावे लागते. प्रवासभत्ता मात्र दोघांना सारखा. पावसाळ्यात चार महिने कातकरी कुटुंबे गावात असतात, मग वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. 'उपस्थिती घटली' म्हणून शेरा बसतो तो कार्यकर्त्याला.

३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आठवा. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबागच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. पंचनामा होतो तो बागेचा, घराचा, होडीचा. बागेत राबणाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीचा पंचनामा होत नाही. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याचे नाव यादीत आणायला कार्यकर्त्याला दहा खेपा घालाव्या लागतात. मदतीची शंभर पाकिटे एका दुपारी वाटणाऱ्याचा आकडा शंभर. दहा खेपा घालून चार भूमिहीन कुटुंबांना यादीत बसवणाऱ्याचा आकडा चार. कोणाचे काम मोठे?

शिडी कुठे तुटते

आता बढतीकडे येऊ. आपला कार्यकर्ता क्षेत्र कार्यकर्ता होतो, फार तर तालुका समन्वयक होतो. त्यापुढे पायरी तुटते. कारणे तीन सांगितली जातात: इंग्रजी येत नाही, एमएसडब्ल्यू नाही, 'व्यवस्थापनाची दृष्टी' नाही.

इंग्रजीचे घ्या. गावातली सगळी माहिती मराठीत गोळा होते. ती सांगतो आपला कार्यकर्ता. तिचे इंग्रजी करतो कार्यालयातला सहकारी. अहवालावर नाव येते इंग्रजी करणाऱ्याचे आणि देणगीदारासमोर सादरीकरणही तोच करतो. दोन वर्षांनी तो प्रकल्प व्यवस्थापक होतो. ज्ञान एकाचे, बढती दुसऱ्याची. इंग्रजी शिकवता येते. कामाच्या वेळात आठवड्याला चार तास, संस्थेच्या खर्चाने, दोन वर्षे शिकवले तर माणूस तयार होतो. पण त्यासाठी अंदाजपत्रकात रकाना लागतो.

पदवीचेही तसेच. दहा वर्षे वाड्यावस्त्यांत काम केलेल्याचा अनुभव आणि पदव्युत्तर पदवीची दोन वर्षे यांची तुलना कुणी, कुठल्या निकषावर केली? पदवी हवीच असेल तर पाठवा शिकायला. रजा द्या, फी भरा, परत आल्यावरची जागा आधी लेखी ठरवा.

आणि 'व्यवस्थापनाची दृष्टी' म्हणजे काय, हे कुणी लिहून देत नाही. जो निकष लिहिलेला नाही, त्याच्या आड जात आरामात लपते. तोंडी निकषावर आपण कधीच निवडले जात नाही, हा आपला पिढ्यांचा अनुभव आहे. म्हणून लेखी निकष हा आपल्यासाठी कार्यालयीन सोपस्कार नाही, संरक्षण आहे.

माणसे घडवावी लागतात, ती आपोआप घडत नाहीत, हे बाबासाहेबांइतके कुणाला कळले होते? १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. आयुष्याच्या शेवटच्या वर्षात, १९५६ मध्ये, प्रकृती खालावलेली असताना राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी मुंबईत प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. कार्यकर्त्याला निष्ठेबरोबर अभ्यास, वक्तृत्व, संसदीय कामकाजाचे ज्ञान हवे, आणि ते देण्याची जबाबदारी संघटनेची आहे, ही त्यामागची भूमिका होती. आजच्या किती संस्था आपल्या गावपातळीवरच्या माणसासाठी एवढा विचार करतात?

कायद्याची बाजू समजून घ्या

इथे एक गोष्ट प्रत्येकाने नीट लक्षात ठेवावी. १९७८ साली बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी 'उद्योग' या शब्दाचा अर्थ व्यापक केला. त्यामुळे पगारी माणसे ठेवून पद्धतशीर काम करणाऱ्या अनेक सेवाभावी संस्थाही औद्योगिक विवाद कायद्याच्या कक्षेत आल्या. अन्यायाने काढून टाकलेल्या कर्मचाऱ्याला कामगार न्यायालयाचे दार ठोठावता येत होते. १९८२ मध्ये संसदेने व्याख्या बदलून धर्मादाय संस्था वगळल्या, पण ती बदललेली व्याख्या कधी अमलातच आली नाही. आता औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. या संहितेत पूर्णपणे किंवा मुख्यत्वे धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्था 'उद्योग' या व्याख्येतून बाहेर ठेवल्या आहेत. म्हणजे ज्या दाराने आपला कार्यकर्ता दाद मागू शकत होता, ते दार अरुंद झाले आहे. अशा वेळी नियुक्तीपत्र, लेखी सेवाशर्ती आणि लेखी मूल्यमापन यांची किंमत कितीतरी वाढते. करारभंगाचा दावा करायचा तरी करार हातात असावा लागतो.

सगळेच गेले असेही नाही. २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर भविष्य निर्वाह निधी, १० किंवा अधिक असतील तर ग्रॅच्युइटी, हे हक्क संस्थेने आपल्याला 'ट्रस्ट' म्हणवल्याने संपत नाहीत. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तर ट्रस्ट, सोसायटी, स्वयंसेवी संस्था यांचा स्पष्ट उल्लेख आहे. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवीच, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. रात्री उशिरा बैठक संपवून एकटी परतणाऱ्या आपल्या भगिनींनी हे लक्षात ठेवावे.

संस्था म्हणतात, पैसे कुठून आणायचे? विदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, हे खरे आहे. संस्थांवर त्याचा ताण आला हेही खरे. पण संस्थेच्या उद्दिष्टासाठी थेट काम करणाऱ्यांचा पगार, उदाहरणार्थ शाळेतल्या शिक्षकाचा, रुग्णालयातल्या डॉक्टरचा, नियमांनुसार प्रशासकीय खर्चात धरला जात नाही. मग वाडीवरच्या कार्यकर्त्याला कमी देताना या मर्यादेची ढाल पुढे का करायची?

आपल्या संस्थांचे काय?

आता दुसऱ्याकडे दाखवलेले बोट आपल्याकडे वळवू. आपली बौद्धजन मंडळे, गाव आणि मुंबई समित्या, विहार समित्या, वसतिगृहे, अभ्यासिका, शिक्षणसंस्था यांत काय चालते? जयंतीच्या वर्गणीचा हिशेब पैशापर्यंत मांडला जातो, ही आपली चांगली परंपरा आहे. पण अभ्यासिका सांभाळणाऱ्या मुलाने वर्षभर काय केले याचा हिशेब ना कुणी मागतो, ना त्याला कुणी त्याबद्दल दोन शब्द लिहून देतो. पूर्णवेळ कार्यकर्त्याला आपण 'त्यागी' म्हणतो आणि त्याच्या आजारपणात वर्गणी काढतो. पन्नाशीला पोहोचलेल्या त्या माणसाकडे ना निधी असतो, ना विमा. त्याग त्याने स्वतः निवडला असेल तर त्याला वंदन. पण तो संघटनेने त्याच्यावर लादलेला असेल, तर आपणही मानधनाचाच खेळ खेळत आहोत.

शिवाय मूल्यमापन नसले की पदे कामावर मिळत नाहीत, जवळिकीवर मिळतात. नेत्याच्या मागे फिरणारा पुढे जातो, वस्तीत काम करणारा मागे राहतो. काम करणारी तरुणी तर सूत्रसंचालनापुरतीच उरते. बाबासाहेबांनी १९३२ साली आपल्यातल्या लबाडांबद्दल इशारा दिला होता, तो अशा वेळी आठवावा.

आक्षेप

काही मित्र म्हणतील, हे सगळे कंपनीचे खूळ आहे, सेवेला गुण कसे देणार? आमचे उत्तर असे की गुण आजही दिले जात आहेत, फक्त बंद दाराआड. आम्ही दार उघडायला सांगतो आहोत. काही म्हणतील, संस्थांत सुधारणा मागण्यापेक्षा संस्थाच सोडा, चळवळ करा. ज्याच्या घरी आई-वडील आहेत आणि शेताचा तुकडाही नाही, त्याला हे सांगणे सोपे नाही. आणि संस्थेत राहून आपल्या माणसांचे हक्क मागणे हीही चळवळच आहे. काही म्हणतील, छोट्या संस्थेला हे जमणार नाही. दोन पानांचा मराठी तक्ता आणि वर्षातून दोन बैठका, एवढे कुठल्या संस्थेला जमत नाही?

आमच्या मागण्या

१. प्रत्येक कार्यकर्त्याला मराठीत नियुक्तीपत्र आणि कामाचे स्वरूप लेखी मिळावे.

२. मूल्यमापनाचे निकष वर्षाच्या सुरुवातीला कार्यकर्त्यासोबत बसून ठरावेत, शेवटी जाहीर होऊ नयेत.

३. शेरा कार्यकर्त्याला दाखवावा, त्यावर त्याचे म्हणणे नोंदवावे आणि एक प्रत त्याला द्यावी.

४. ज्या वस्तीत काम चालते तिथल्या लोकांचे मत मूल्यमापनात धरावे, आणि त्यात बौद्धवाडी, आदिवासी वाडी व स्त्रियांचे मत स्वतंत्रपणे घ्यावे.

५. अंतर, वाहन, नेटवर्क, स्थलांतर यांचा विचार करून प्रत्येकाचे उद्दिष्ट वेगळे ठरावे.

६. जातीय अन्यायाविरुद्ध उभे राहिल्यामुळे गावाशी आलेला ताण कार्यकर्त्याच्या विरोधात धरू नये, तो कामाचा भाग मानावा.

७. प्रशिक्षण आणि शिक्षणासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम असावी आणि तिचा विनियोग वार्षिक अहवालात छापावा.

८. क्षेत्र कार्यकर्ता ते व्यवस्थापक, विश्वस्त अशा प्रत्येक पायरीवर अनुसूचित जाती, जमाती आणि स्त्रिया किती आहेत, हे संस्थेने दरवर्षी जाहीर करावे.

आठवी मागणी सर्वांत साधी आहे आणि सर्वांत जास्त विरोध तिलाच होईल. कारण ती देणगीदाराला, सरकारला आणि आपल्याला एकाच वेळी दाखवेल की शिडी कुठल्या पायरीवर तुटते.

आणि आपल्या तरुणांनी तेवढ्यासाठी थांबू नये. आजपासून एक वही ठेवा. रोज काय केले, कुणाला भेटलो, कुठला अर्ज केला, त्याचे काय झाले, हे तारखेनिशी लिहा. फोटो, पोचपावत्या, पत्रांच्या प्रती स्वतःजवळ ठेवा. तालुक्यातल्या निरनिराळ्या संस्थांत काम करणारे आपण सगळे महिन्यातून एकदा एकत्र बसा, करार एकमेकांना वाचून दाखवा, मानधनाचे आकडे एकमेकांना सांगा. एकट्याने विचारलेला प्रश्न उद्धटपणा ठरतो, वीस जणांनी विचारला तर त्याला उत्तर द्यावे लागते. शिका, चेतवा, संघटित व्हा, हे सांगताना बाबासाहेबांनी संस्थेतल्या कार्यकर्त्याला वगळलेले नाही.

महाडच्या तळ्यावर जाऊन दरवर्षी आपण अभिवादन करतो. तिथला ठराव १९२४ साली कागदावर होता आणि पाणी १९२७ साली ओंजळीत आले. मधली तीन वर्षे गावोगाव फिरून माणसे जोडणारे, परिषदेची तयारी करणारे रा. बा. मोरे यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते होते म्हणून ते शक्य झाले. अशा माणसांच्या श्रमाची नोंद ठेवणे आणि त्यांना पुढे नेणे, ही आपली जबाबदारी आहे. ती देणगीदारावर सोपवून चालणार नाही.

जय भीम!